सहा पुस्तकं आणि सहा वेळा ‘ओघवती भाषा’

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

“गेल्या पाच महिन्यांत मी सहा पुस्तकं वाचली. रणजित देसाईंची ‘स्वामी’, गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’, दया पवारांचं ‘बलुतं’, इरावती कर्व्यांचं ‘युगांत’, बहिणाबाईंची गाणी आणि जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा. सातवी ‘कोसला’, ती ८० पानांवर सोडली. पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या मेळाव्यात मला या पुस्तकांवर २० मिनिटं बोलायचंय. टिपणं काढायला बसते, गोष्ट लिहून होते आणि पुढे गाडी अडते. पुस्तकं एकमेकांपासून इतकी वेगळी, आणि माझं मत मात्र सगळ्यांवर सारखंच, हे कसं? आणि ‘कोसला’ झेपली नाही हे चारचौघांत सांगावं का? सोबत ‘स्वामी’वरचं टिपण पाठवतेय.
– एक वाचक, बार्शी”

ताई,

तुमचं टिपण असं आहे: “अप्रतिम कादंबरी. भाषा ओघवती. व्यक्तिचित्रण प्रभावी. शेवटी डोळ्यांत पाणी येतं. प्रत्येकाने वाचावी.” आता यातला ‘कादंबरी’ हा एक शब्द बदला आणि वर ‘बलुतं’ लिहा. चाललं? ‘माझा प्रवास’ लिहा. तेही चाललं. पुस्तकाचं नाव झाकल्यावर टिपण कुठल्याही पुस्तकाला बसत असेल, तर ते टिपण कोरंच आहे.

हे होतं कारण आपण अभिप्रायाची भाषा पुस्तकांच्या मलपृष्ठावरून उचलतो, आणि ती पुस्तक विकायला लिहिलेली असते. ‘ओघवती’, ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’, ‘अंतर्मुख करणारं’, ‘खाली ठेववत नाही’ हे पाच शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यांवर काट मारून ठेवा. बोलताना तोंडात आले तर येऊ देत, पण लिहिताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: कुठल्या पानावर? पान सापडलं तर त्या पानाबद्दल लिहा, शब्द आपोआप गळेल.

दुसरं कारण वेळेचं. तुम्ही पाच महिन्यांची टिपणं एका बैठकीत काढताय. तोवर पुस्तकाचा फक्त सांगाडा उरतो, म्हणजे गोष्ट. म्हणून गोष्टच लिहिली जाते.

पुढच्या पुस्तकापासून असं करा. २०० पानी वही घ्या आणि एका पुस्तकाला समोरासमोरची दोन पानं द्या. डावीकडे वाचताना लिहायचं, उजवीकडे संपल्यावर. वाचनालयाच्या पुस्तकात रेघा मारता येत नाहीत, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून ठेवा. अडखळलात, हसलात, चिडलात, पटलं नाही, की तिथे पट्टी. पट्टीवर पेन्सिलीने एखादाच शब्द: ‘खोटं वाटतं’, ‘आजी असंच म्हणायची’, ‘हा कोण?’ एका पुस्तकात १० ते १२ पट्ट्या पुरेत. ४० झाल्या तर तुम्ही वाचत नाही, खुणा करताय. आणि एकही लागली नाही तर एक तर पुस्तक तुमच्यासाठी नव्हतं, नाही तर तुम्ही टीव्हीसमोर वाचत होतात.

पुस्तक संपल्यावर एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी ते न उघडता उजव्या पानावर पाच ओळी लिहा, मग उघडून पट्ट्यांशी ताडून पाहा. इथे गंमत होते. जे वाक्य तुम्हाला शब्दन् शब्द आठवत होतं ते पुस्तकात तसं नसतंच. तो फरकही लिहून ठेवा, कारण तुम्ही पुस्तकाचं काय केलंत ते त्यात दिसतं. महिन्याभराने वेगळ्या शाईने एक ओळ वाढवा: आता काय उरलंय? एवढंच.

पानाच्या डोक्यावर नाव, लेखक, प्रकाशक, हातातली आवृत्ती कितवी आणि कुठल्या सालची, आणि पहिली आवृत्ती कधीची, हे लिहा. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला सगळं मिळतं. पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचं नाव न विसरता. पान क्रमांकासोबत प्रकरणाचं नावही टिपा, नाही तर मेळाव्यात कुणी दुसरी आवृत्ती उघडून बसलं की तुमचं पान ११२ त्यांच्याकडे ९७ निघतं आणि पाच मिनिटं शोधाशोधीत जातात.

आवृत्तीचा हा खटाटोप कशाला, असं वाटेल. ‘माझा प्रवास’ घ्या. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल ही आशा होती, आणि सापडले १८५७च्या बंडात. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते आत होते. हे सगळं त्यांनी लिहिलं सुमारे २५ वर्षांनी. छापलं गेलं १९०७ मध्ये, आणि ते छापताना चिं. वि. वैद्यांनी मजकुरात आणि भाषेत बरेच फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरची दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती आली १९६६ मध्ये. म्हणजे ‘गोडसे भटजींची भाषा’ असं तुम्ही लिहिलंत, तर ती भटजींची की वैद्यांची, हे हातात कुठली प्रत आहे त्यावर ठरतं. तेव्हा आधी प्रस्तावना पाहा, संपादक कोण ते पाहा, आणि मगच भाषेबद्दल तोंड उघडा.

आता प्रवासवर्णन किंवा आठवणी वाचताना पट्टी कुठे लावायची? जिथे लेखक स्वतः पाहिलेलं सांगतोय आणि जिथे ऐकलेलं सांगतोय, त्या दोन्ही ठिकाणी, पण वेगळ्या रंगाची. झाशीच्या आतलं वर्णन एका जातीचं, आणि दूरच्या लढाईच्या कानोकानी आलेल्या बातम्या दुसऱ्या जातीच्या. हे दोन रंग वेगळे केले की टिपण आपोआप तयार होतं. नमुना देते, उतरवून घेऊ नका, नुसता घाट बघा:

“बंडावरचं पुस्तक म्हणून हातात घेतलं. निघालं एका कर्जबाजारी भिक्षुकाचं. दक्षिणा किती मिळाली, मुक्काम कुठे पडला, सोबत कोण, याचा हिशेब त्याच्या तोंडून सुटत नाही, आणि म्हणूनच झाशीतली लूट अंगावर येते. वीरश्री शोधायला गेले होते, सापडली ती भीती. ऐकीव बातम्यांचा भाग मला कमी पटला. मी वाचलेली प्रत अमुक संपादकांची, त्यामुळे भाषेबद्दल बोलत नाही.”

पन्नासेक शब्द आहेत. गोष्ट त्यात चिमूटभर आहे, पण हे टिपण दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येणार नाही. सारांशाचं प्रमाण एवढंच ठेवा, चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी.

‘स्वामी’चं गणित वेगळं. १९६२ची कादंबरी, विषय थोरले माधवराव. ऐतिहासिक कादंबरीत दोन प्रकारचा ऐवज एकत्र शिजलेला असतो, तो निवडता आला पाहिजे. डाव्या पानावर उभी रेघ मारा. एका बाजूला ‘नोंदीतलं’: पानिपतानंतर १७६१ मध्ये कोवळ्या वयात पेशवाई, राघोबादादांशी तंटे, १८ नोव्हेंबर १७७२ला थेऊरला मृत्यू, रमाबाईंचं सती जाणं. दुसऱ्या बाजूला ‘लेखकाचं’: रमा-माधवांचे एकांतातले संवाद, मनातले विचार, कुणी कुणाकडे कसं पाहिलं. तिथे नोंद घ्यायला कुणी बसलेलं नव्हतं, ते देसायांचं. शंका आली तर इतिहासकार गो. स. सरदेसायांची ‘मराठी रियासत’ काढून ताडा. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं ते रेघेच्या कुठल्या बाजूच्या पानावर, एवढं तपासा. बहुधा ‘लेखकाचं’ या बाजूला येईल, आणि मग “प्रसंग इतिहासातला, पण मला रडवलं कादंबरीकाराने” असं ठाम वाक्य लिहिता येईल. सगळ्यात मोठी चूक म्हणजे कादंबरीतला संवाद ‘माधवराव म्हणाले होते’ म्हणून भाषणात सांगणं. असं एकदा सांगितलं की तो संवाद गावभर इतिहास म्हणून फिरतो.

‘युगांत’मध्ये हीच काळजी दुसऱ्या अंगाने घ्यायची. हे महाभारतावरचे निबंध आहेत, कथा नव्हे. इथे गोष्ट सांगत बसू नका, महाभारत सगळ्यांना ठाऊक आहे. कर्व्यांनी भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला महाभारताचा पाठ, समोर ठेवून विचार केला आहे. त्यामुळे लहानपणापासून ऐकलेला एखादा प्रसंग त्यांच्या मांडणीत दिसला नाही, तर ‘हे कसं राहिलं’ म्हणण्याआधी तो त्या आवृत्तीत आहे का ते पाहावं. प्रत्येक निबंधाचं म्हणणं एका वाक्यात लिहा आणि त्या वाक्याचं क्रियापद जपून निवडा. विदुर हा धर्मराजाचा पिता असावा का, याची चर्चा आठवते ना? मेळाव्यात त्यावर हमखास कुणी तरी बोलतं, आणि हमखास “कर्वे म्हणतात की विदुरच बाप” असं बोलतं. त्यांनी शक्यता तपासली आहे, निकाल दिलेला नाही. ‘म्हणतात’, ‘सुचवतात’, ‘शंका घेतात’ आणि ‘सिद्ध करतात’ ही चार क्रियापदं वेगवेगळ्या वजनाची आहेत. कुठलं कुठे बसतं हे ठरवता आलं तर निबंध समजला. मग तुमचं जिथे पटत नाही तिथे एक पट्टी. न पटणं हाही अभिप्रायच, फक्त कारण हवं.

‘बलुतं’वर सावकाश जा. दलित आत्मकथनावरचं टिपण ‘हृदयद्रावक’ या शब्दापाशी येऊन थांबतं. आपण हळहळलो की पुस्तकाचं देणं फिटलं असं वाटतं. पण १९७८च्या या पुस्तकाची सुरुवातच पुन्हा एकदा वाचा. दगडू मारुती पवार आणि लेखक दया पवार, एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर आहेत. शिकलेला, शहरात रुळलेला एक, आणि मागचं सगळं ओच्यात घेऊन आलेला दुसरा. ही मांडणी का केली असेल, यावर तीन ओळी लिहा. गावातला महारवाडा आणि मुंबईतली कावाखान्याची वस्ती यांतली एकेक जागा निवडा, तिथे माणसं काय खातात, काय काम करतात, कशावर हसतात ते टिपा. हो, हसतातही. ते टिपणात आलं पाहिजे. आणि बलुतं म्हणजे गावकीच्या कामाच्या बदल्यात सुगीला मिळणारा धान्याचा वाटा, हे बोलताना आधी सांगा. आजच्या मुलांना तो शब्द फक्त पुस्तकाचं नाव म्हणून माहीत असतो, आणि मग त्या नावातला कडवटपणा हुकतो.

बहिणाबाईंची गाणी तुम्ही ‘दोन दिवसांत संपवली’ असं लिहिलंय. ताई, तिथेच घोटाळा झाला. कवितेचं पुस्तक कादंबरीसारखं सरळ वाचत गेलं की दहाव्या कवितेनंतर सगळ्यांचा एकच सूर कानात राहतो. रोज तीनच वाचा, आणि मोठ्याने. ही गाणी जात्यावर, शेतात काम करताना तोंडी रचलेली. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. ती लिहून घेतली घरच्यांनी, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव चौधऱ्यांमुळे, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, १९५२ मध्ये पुस्तक आलं, बहिणाबाई गेल्यानंतर. डोळ्यांनी वाचायला ती रचलेलीच नाहीत.

बार्शीच्या कानाला खानदेशी बोली अडेल. त्यावर एक किल्ली देते: जिथे ‘य’ खटकतो तिथे मनात ‘ळ’ ठेवून पाहा. ‘डोया’ म्हणजे डोळा, ‘मियते’ म्हणजे मिळते. निम्मे अडलेले शब्द या एका किल्लीने उघडतात. मग बोटं मोजा. ‘अरे संसार संसार’, आठ अक्षरं. पुढचीही आठ. जात्याचा एक फेरा त्यात बसतो की नाही ते हात फिरवूनच पाहा, वेड्यासारखं वाटलं तरी. एक कविता स्वहस्ताने उतरवून काढा, ओळी जशा तोडल्यात तशाच. उतरवताना हात कुठे थांबतो, कुठला शब्द तुम्ही नकळत प्रमाण मराठीत लिहून टाकता, तिथे टिपण आहे. ‘या कवितेतून कवयित्री असा संदेश देते’ हे वाक्य मात्र शाळेच्या वहीतच राहू द्या.

नारळीकरांच्या कथांना ‘कल्पनाशक्ती अफाट’ म्हणून मोकळं होऊ नका. विज्ञानकथेला एक ‘समजा’ माफ असतं. ते एकदा मान्य केल्यावर पुढचं सगळं त्याला धरून घडतं का, हे पाहायचं. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्या. डाव्याचं उजवं कसं होईल हे घरी करून पाहता येतं. ट्रेसिंग पेपरची ३० सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, तिला एक अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. जोडाजवळ उजव्या सोंडेचा छोटा गणपती काढा आणि तोच पुढे पुढे, सोंड आहे तशीच ठेवून, सरकवत काढत जा. फेरा पूर्ण करून मूळ जागी पोचलात की पट्टीच्या पाठीवर असता. कागदातून आरपार पाहा आणि उलटं आलेलं चित्र पट्टी फिरवून सुलटं करा, दोन चित्रांच्या सोंडा एकमेकींच्या विरुद्ध. साध्या कागदावर हे दिसत नाही, आणि पूर्ण पीळ दिला तरी फसतं, अर्धाच द्यायचा. मेळाव्यात पट्टी न्या, पाच मिनिटांच्या भाषणापेक्षा जास्त काम करेल. शिवाय, १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं, हे सांगायला विसरू नका. आपणही कधीतरी मुखपृष्ठावर कागद चढवून, लेखक कोण हे विसरून वाचावं.

आता २० मिनिटं. बेताने बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे दोन-अडीच हजार. सहा पुस्तकं त्यात कोंबली तर प्रत्येकाला जेमतेम तीन मिनिटं, आणि पुन्हा ‘ओघवती भाषा’. तीनच निवडा आणि त्यांना एक दोरा लावा. तुमच्या यादीत तो आहेच: हे सांगितलं कुणी आणि लिहिलं कुणी? भटजींनी लिहिलं आणि वैद्यांनी बदललं. बहिणाबाईंनी म्हटलं आणि घरच्यांनी उतरवलं. दगडूचं दया पवारांनी लिहिलं. प्रत्येकी पाच मिनिटं धरा, त्यात एक उतारा, सहा ओळींहून मोठा नको. उरलेल्या पाचात बाकीच्या तिघांना एकेक वाक्य आणि ती पिळाची पट्टी. ‘स्वामी’ या तिघांत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ती बहुतेकांनी वाचलेली असते, तिच्याबद्दल लोकच बोलतील. उतारे घरी दोनदा मोठ्याने वाचून घड्याळ लावा, कारण बोली भाषेतला उतारा अंदाजापेक्षा हटकून जास्त वेळ खातो.

‘कोसला’. सांगा की, लाज कसली? पण ‘झेपली नाही’ एवढ्यावर सोडू नका. ८० पानांपर्यंत कशाने वैताग आला ते लिहा. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ने आला असेल, तर ती नायक पांडुरंग सांगवीकरची खोड आहे, आणि लेखक भालचंद्र नेमाड्यांनी ती मुद्दाम दिली आहे. तो पोरगा पुण्यात शिकायला येऊन स्वतःचं जे काही करून घेतो, ते अशाच भाषेत सांगितलं जाणार. पोरगा आवडला नाही हे एक, पुस्तक जमलं नाही हे दुसरं. यांतलं तुमचं कुठलं, हे ठरवायला एक काम करा: त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, आजारपणाचा आणि मृत्यूचा भाग शोधून तेवढाच वाचा. तिथे तीच भाषा वेगळ्या कामाला लागते. तो भागही कोरडा गेला तर पुस्तक खुशाल मिटा आणि टिपणात “पान ८० पर्यंत वाचली, शिवाय मनीचा भाग, नाही भिडली” असं लिहा. न वाचलेल्या पानांवर मत देऊ नका, आणि वाचलेल्यांवर द्यायला कचरू नका.

आधीच्या सहा पुस्तकांसाठी पट्ट्या नाहीत, तेव्हा निवडलेली तीन वाचनालयातून पुन्हा घ्या. पहिल्यापासून वाचू नका. प्रत्येकाला दोन संध्याकाळ द्या, आठवतील त्या पाच जागा शोधा आणि तेवढ्याच लिहा. दोन जागा सापडणार नाहीत, कारण त्या त्या पुस्तकात नव्हत्याच. आणि परत करताना पट्ट्या काढून घ्या, मागच्या वाचकाचं ‘हा कोण?’ पुढच्याला नको.